थांबलाय की विसरलाय

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या आरत्या आटोपून घर जरा निवांत झालं, तेव्हा भाची लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, “मामा, हे बघ ना. फाइल चालवली की सगळं चालतं, इथे पेस्ट केलं की चालत नाही.”

‘इथे’ म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं शेल, एकेक ओळ देऊन लगेच उत्तर घ्यायची जागा. काळ्या खिडकीत तीन बाण आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारा कर्सर. तिने एडिटरमधून पंधरा-सोळा ओळींचं एक फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या सूचना, उचलून तिथे टाकलं होतं. पहिल्या सहा ओळी शेलने मुकाट्याने घेतल्या आणि पुढच्या प्रत्येक ओळीवर तेच एक गाऱ्हाणं : इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, अनपेक्षित आहे. ओळींत चूक नव्हती. तिने त्या पुन्हा पुन्हा तपासल्या होत्या, टॅब आणि स्पेस मिसळलेत का तेही पाहिलं होतं. दोन तास त्यात गेले होते आणि आता तिचा आवाज रडवेला झाला होता.

सहाव्या ओळीनंतर वाचायला बरं म्हणून तिने एक रिकामी ओळ सोडली होती. ती मी पुसली. “आता टाक.”

फंक्शन गेलं. पण त्याच्या लगेच खालची, फंक्शनबाहेरची ओळ अडकली. तिथे मी उलट केलं, एक रिकामी ओळ घातली. मग सगळं सुरळीत.

“म्हणजे आतली रिकामी ओळ काढायची आणि बाहेर नसलेली घालायची? हे कुणी ठरवलं?”

प्रश्न रास्त होता. फाइल वाचताना पायथॉनला पुढचं सगळं दिसत असतं. ओळी किती आत सरकवल्या आहेत यावरून फंक्शन कुठे संपलं ते त्याला कळतं, मधल्या रिकाम्या ओळीला तो काही किंमत देत नाही. शेलमध्ये मात्र तो एका माणसासमोर बसलेला असतो. माणूस एकेक ओळ टाइप करतोय, पुढची येणार आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून तिथे एक संकेत ठरलेला आहे : फंक्शनच्या आत असताना नुसतं एंटर दाबलं, म्हणजे रिकामी ओळ दिली, की माझं बोलणं संपलं. भाचीने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी घेतलेला श्वास शेलला पूर्णविराम वाटला.

हे तिला समजावताना मला बाबा आठवले, आणि मग त्या रात्री झोपच आली नाही.

बाबा गावच्या उत्सवी नाटकांचे प्रॉम्प्टर होते. गोव्यात आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावांत जत्रेला किंवा काल्याला मराठी नाटक होणारच, अजूनही होतं. घरात बोलायला कोकणी आणि रंगमंचावर मराठी, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. नट गावचेच. कोणी मास्तर, कोणी बसचा कंडक्टर, कोणी बागायतदार. महिनाभर आधीपासून देवळाच्या सभामंडपात रात्री जेवणं झाल्यावर तालमी सुरू व्हायच्या आणि आम्ही पोरं खांबांना टेकून पेंगत पेंगत त्या बघायचो. बाबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी प्रत्येक नटाला पूर्ण नाटक हातात मिळत नसे. त्याच्या वाट्याची वाक्यं, आणि त्या प्रत्येकाच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच वहीत उतरवून देत. त्याला नक्कल म्हणत. अख्खं नाटक असायचं ते प्रॉम्प्टरच्या मांडीवर.

ते म्हणायचे, “प्रॉम्प्टरला स्पष्ट वाचता आलं पाहिजे हे सगळेच सांगतात. समोरचा थांबलाय की विसरलाय हे कळलं पाहिजे, ते कोणी सांगत नाही.” नट मुद्दाम थांबला असेल आणि विंगेतून वाक्य गेलं, तर त्या थांबण्याचा जीवच जातो. आणि खरोखर विसरला असेल आणि वाक्य गेलं नाही, तर प्रेक्षकांत खोकल्याचे आवाज सुरू होतात. बाबांची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात जिथे नट ठरवून थांबणार तिथे त्यांनी पेन्सिलीने एक बारीक चंद्रकोर काढली आहे. इतकी बारीक की वही तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. चंद्रकोर असेल तिथे गप्प राहायचं.

भाचीच्या रिकाम्या ओळीवर चंद्रकोर नव्हती, एवढीच अडचण होती.

मी गेली कित्येक वर्षं असंच काम करतो. एका बाजूला एडिटर, त्यात फाइल. दुसऱ्या बाजूला शेल. फाइलमधली एक ओळ किंवा एक परिच्छेद लिहायचा, दोन कळा दाबायच्या, तो तुकडा पलीकडे जातो आणि उत्तर येतं. उत्तर पटलं तर पुढची ओळ. नाही पटलं तर तीच ओळ सुधारून पुन्हा पाठवायची. हात माउसकडे जात नाही, कॉपी-पेस्ट करावं लागत नाही. ज्यांनी कधी केलं नाही त्यांना यात एवढं काय असं वाटेल. पण माझ्यापुरतं सांगतो, ही सवय लागल्यावर माझी विचार करण्याची पद्धत बदलली. आधी मी शंभर ओळी लिहून मग धडधडत्या छातीने चालवायचो, चूक निघाली की शंभर ओळींत शोधत बसायचो. आता प्रत्येक ओळ लिहिताना तिला काहीतरी विचारायचं असतं.

हा संवाद फार जुना आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्प भाषेचं काम सुरू केलं. लिस्पमधलं कुठलंही वाक्य घेऊन त्याची किंमत काढणारं ‘इव्हॅल’ नावाचं फंक्शन त्यांनी लिहिलं ते कागदावर, सिद्धांत मांडण्यासाठी. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे मी यंत्रावर उतरवतो. मॅकार्थींचं म्हणणं, हे वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. रसेलनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी ते हाताने उतरवलं आणि ते चाललं. वाचा, किंमत काढा, छापा, पुन्हा वाचायला लागा : या फेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शेलला ‘रेपल’ हे नाव पडलं. पुढे सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये आकडेवारीसाठी ‘एस’ भाषा झाली, तिच्यावरून न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ केली. आरची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. आकड्यांशी काम करणाऱ्यांना शेल लागतंच, कारण पुढचा प्रश्न काय असेल हे आधीचं उत्तर पाहिल्याशिवाय ठरत नाही.

मी हे पहिल्यांदा आरसाठीच्या आरस्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये शिकलो. कंट्रोल-एंटर दाबलं की कर्सर असलेली ओळ खालच्या कन्सोलमध्ये जायची आणि कर्सर आपोआप पुढच्या ओळीवर उतरायचा. तो उतरणारा कर्सर मला फार आवडायचा. वाचणाऱ्याने ओळीखालून बोट फिरवावं तसा. नंतर मी व्हिम या एडिटरकडे वळलो, सोबत पडदा कप्प्यांत वाटून देणारा टीमक्स. माझा पडदा उभा दुभंगलेला असतो : डावीकडे व्हिम, उजवीकडे पायथॉन. कंट्रोल-सी दोनदा दाबलं की परिच्छेद डावीकडून उजवीकडे जातो. ही दोन कळांची रीत ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या स्लाइम नावाच्या जोडणीकडून आली आहे. स्लाइममध्ये लिस्पचं एकेक फंक्शन चालू प्रोग्रॅममध्ये असंच पाठवतात.

पण जातो म्हणजे नेमकं काय होतं? हे जरा सावकाश सांगतो, कारण भाचीची अडचण इथेच दडलेली आहे.

शेलला वाटत असतं की पलीकडे कीबोर्ड आहे. टर्मिनल ही मुळात दूर बसवलेल्या टंकयंत्राची कल्पना : माणूस कळा दाबतो, अक्षरं तारेतून जातात, उत्तर कागदावर उमटतं. आज ते टंकयंत्र नाही, पण त्या जागी ऑपरेटिंग सिस्टिम एक खोटं टर्मिनल उभं करते. त्याच्या एका टोकाला शेल आणि दुसऱ्या टोकाला कुठलाही प्रोग्रॅम बसू शकतो. टीमक्स त्या दुसऱ्या टोकाला बसतो. मी दोन कळा दाबल्या की व्हिम तो मजकूर टीमक्सच्या हाती देतो आणि टीमक्स तो शेलमध्ये अशा तऱ्हेने सोडतो, जणू मीच फार वेगाने टाइप करतोय. शेलला फरक कळत नाही. म्हणून ही पद्धत कुठल्याही भाषेला चालते, पायथॉन असो, आर असो, डेटाबेसचा प्रॉम्प्ट असो. आणि म्हणूनच ती अडखळतेही, कारण माणसासाठी केलेले सगळे संकेत, रिकाम्या ओळीचासुद्धा, या मजकुराला लागू होतात.

यावर लोकांनी काढलेले तोडगे मला कुठल्याही मोठ्या शोधाइतके मोलाचे वाटतात. एडिटरच्या काही जोडण्या पायथॉनसाठी मजकूर पाठवण्याआधी आतल्या रिकाम्या ओळी गाळतात आणि फंक्शनमधून बाहेर येताना आपली एक रिकामी ओळ घालतात, म्हणजे मी त्या रात्री हाताने केलं तेच. आयपायथॉन या पायथॉनच्या सुधारित शेलमध्ये पेस्टसाठी वेगळी आज्ञाच आहे : ती दिली की दोन आडव्या रेघांची ओळ येईपर्यंत तो नुसतं ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. टर्मिनलांनीही एक खूण ठरवली. पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी एक अदृश्य संकेत, ज्यात २०० हा आकडा असतो, आणि शेवटी दुसरा, २०१ चा. या दोहोंच्या मध्ये जे येईल ते चिकटवलेलं आहे, टाइप केलेलं नाही, त्यातल्या एंटरला एंटर समजू नका. बॅश हे संगणकाला आज्ञा देण्याचं शेल ज्यावर उभं आहे त्या रीडलाइनमध्ये डिसेंबर २०२० च्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं. पायथॉनने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत शेलच नवं दिलं, त्याला हा संकेत कळतो आणि पूर्ण फंक्शन एकसंध घेता येतं. भाचीच्या लॅपटॉपवर पायथॉन जुनं होतं. तिला मी दोनशे-दोनशेएकची गोष्ट सांगितली आणि बाबांची वही तिरकी धरून चंद्रकोर दाखवली. तिने त्या पानावरून हळूच बोट फिरवलं.

फार मोठा तुकडा असेल तर एडिटर तो एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात आणि शेलला एकच ओळ पाठवतात : ही फाइल वाच. यात रिकाम्या ओळींचा प्रश्नच मिटतो. पण मग चूक झाली की शेल त्या तात्पुरत्या फाइलमधला ओळ क्रमांक सांगतं आणि आपण आपल्या फाइलमध्ये भलतीकडेच शोधत बसतो. ईमॅक्सच्या पायथॉन मोडमध्ये यावर केलेली युक्ती पाहून मी थक्क झालो होतो. तुम्ही ऐंशीव्या ओळीपासूनचा तुकडा निवडला असेल तर तो पाठवताना त्याच्या आधी वरच्या ओळींइतक्या रिकाम्या ओळी भरतात, म्हणजे क्रमांक जुळतात. ज्या कुणाला हे सुचलं, त्याने दुसऱ्याच्या वैतागाचा किती बारकाईने विचार केला असेल.

आता भाचीच्या कामाबद्दल.

आमच्या भिंतीपलीकडे एक मोठं कुळागर आहे, पोफळी आणि त्यात मिरवेल, केळी. त्याचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, वर्षानुवर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठला संपतो, काकांनी वेळ तीच धरली. त्यांच्या वह्यांचा गठ्ठा भाचीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घेतला आणि उन्हाळाभर बसून आकडे टाइप केले. काका आकडे मराठीत लिहितात. तिने ते तसेच देवनागरीत टाइप केले. मला वाटलं आता सगळे बदलावे लागणार. पण पायथॉनला मजकुरातला ‘११५.६’ दिला आणि याची संख्या कर म्हटलं तर तो करतो! प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र चालत नाही. व्हेरिएबलची, म्हणजे किमती साठवायच्या डब्यांची, नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे तिच्या फाइलमध्ये ‘पाऊस’, ‘तारीख’, ‘उघडीप’ अशी नावं आहेत. शेलमध्ये ‘पाऊस’ लिहून एंटर मारलं की समोर काकांचा पाऊस उभा राहतो. मला हे बघताना अजूनही आत काहीतरी हलतं.

उघडीप हा आमच्या कामाचा कणा. पोफळीला पावसाळ्यात कोळेरोग होतो, कोवळी सुपारी कुजून गळते. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, एकदा पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर आणि पुन्हा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. म्हणजे दुसरी फवारणी ऐन जुलैत पडते. घोसांवर मिश्रण वाळायला पाऊस थांबलेला हवा, आणि निसरड्या पोफळीवर चढायला पाडेली तयार हवा. काकांना जाणून घ्यायचं होतं की जुलैत लागोपाठ दोन दिवस उघडीप मिळण्याचा काळ साधारण कधी येतो.

या कामाला शेल जसं उपयोगी पडतं तसं दुसरं काही पडत नाही. एक ओळ पाठवून एका जुलैचे एकतीस आकडे बघायचे. मग कोरड्या दिवसांवर खूण करायची ओळ. मग लागोपाठचे दिवस जोडणारी. प्रत्येक पायरीवर वही उघडून ताडायचं : इथे काकांनी शून्य लिहिलंय, आपल्याकडे शून्यच आलंय ना? आणि जे पटलं ते फाइलमध्ये राहतं, जे नुसतं विचारून बघितलं ते शेलमध्येच विरून जातं. मे महिन्यात आम्ही असे कितीतरी दिवस बसलो. जूनमध्ये ती पणजीला परत गेली, मग फाइल दूरच्या एका सर्व्हरवर ठेवली. पावसात आमच्याकडे नेट दिवसातून दहादा जातं, पण टीमक्स त्या सर्व्हरवर चालू राहतो. लाइन आली की पुन्हा जोडायचं, शेल जिथे सोडलं तिथेच, पाठवलेलं सगळं लक्षात ठेवून बसलेलं असतं.

ते सगळं लक्षात ठेवतं, आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली.

सुरुवातीला मी कोरडा दिवस म्हणजे शून्य पाऊस असं धरलं होतं. ‘सीमा’ नावाचं व्हेरिएबल, त्याची किंमत शून्य. पण आमच्याकडे जुलैत पूर्ण शून्य क्वचितच येतो, पानांवरून गळल्यासारखा थोडा तरी पडतो. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. म्हणून मी फाइलमध्ये बदल केला, नावही अधिक नेमकं केलं : ‘ओलसीमा’, किंमत अडीच. ती ओळ शेलला पाठवली. खालच्या फंक्शनमध्ये मात्र जुनं नाव ‘सीमा’ तसंच राहिलं. नव्याने सुरू केलेल्या शेलने लगेच तक्रार केली असती, ‘सीमा’ कोण, मी ओळखत नाही. माझं शेल आठवडाभर चालू होतं. त्याला ‘सीमा’ चांगली आठवत होती. शून्य. फंक्शन निमूटपणे चाललं, उत्तर आलं, आणि मला वाटलं की हे अडीचचं उत्तर आहे.

मी भिंतीपाशी जाऊन काकांना सांगितलं, “काका, वह्यांवरून तरी असं दिसतं की जुलैत सलग दोन दिवस उघडीप तुम्हाला जवळजवळ मिळतच नाही.”

काका कोयता खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. “असं कसं? मग दरवर्षी जुलैत मी दुसरी फवारणी करतो ती कधी करतो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घरी येऊन शेल बंद केलं, नवीन उघडलं, फाइल पहिल्या ओळीपासून पाठवली. तिसऱ्या परिच्छेदाला ‘सीमा’वर गाडी थांबली. नाव दुरुस्त केल्यावर जे उत्तर आलं ते काकांच्या अनुभवाशी जुळणारं होतं. मला स्वतःची लाज वाटली ती चुकीपेक्षा त्या ठामपणाची. चाळीस वर्षं पोफळी सांभाळलेल्या माणसाला मी त्याच्याच वहीचा दाखला देऊन खोटं सांगितलं होतं.

तालमीतही हे होतं. एका वर्षी दुसऱ्या अंकातलं दिवाणाचं एक लांब वाक्य दिग्दर्शकाने कापलं. बाबांनी वहीत त्यावर रेघ मारली. पण ते वाक्य दिवाणाच्या तोंडात महिनाभर बसलेलं. प्रयोगाच्या रात्री ते आलंच, आणि पुढच्या नटाला त्याचा धागा न मिळाल्याने तो उभाच राहिला. बाबा नंतर कितीतरी दिवस म्हणत होते, “मी पुस्तकातून काढलं, त्याच्या तोंडातून काढलं नाही.” त्यानंतर त्यांनी एक नियम केला. कुठेही काटछाट झाली की त्या रात्रीची तालीम तिथून पुढे न करता पहिल्या अंकाच्या पहिल्या वाक्यापासून. लोक कुरकुरायचे, रात्रीचे दोन वाजायचे. पण बाबा मांडीवर वही घेऊन बसलेले असायचे, त्यामुळे सुरुवात करावीच लागायची.

मी आता तेच करतो. दिवसभर तुकडे पाठवतो, पण कुठलाही आकडा कुणाला सांगण्याआधी शेल बंद करून नवं उघडतो आणि फाइल वरून खालपर्यंत एकदा चालवतो. रंगीत तालीम. ती पार पडल्याशिवाय भिंतीपाशी जायचं नाही. ज्युपिटरची वही, म्हणजे कप्प्याकप्प्यांनी कोड चालवायचं पान, वापरणाऱ्यांना तर मी हे आवर्जून सांगतो, कारण तिथे खालचा कप्पा आधी आणि वरचा नंतर चालवणं फार सोपं आहे आणि पान दिसायला मात्र सरळ ओळीत दिसतं. कप्प्याशेजारच्या कंसातले आकडे कुठल्या क्रमाने चालवलं ते सांगतात, पण ते बघतो कोण? माझा ओढा म्हणूनच साध्या फाइलकडे आहे. जिचा क्रम एकच असतो, आणि जी शेल मेलं तरी उरते.

चवथीच्या त्या रात्री भाचीने फंक्शन नीट गेल्यावर पुढची ओळ पाठवली आणि दोन-तीन महिन्यांत काही दिवसांच्या नोंदी वहीत नसल्याचं दिसलं. तिने रिकाम्या जागी शून्य भरलं होतं. मी विचारलं, “काकांनी तिथे शून्य लिहिलंय?”

“नाही. तिथे काहीच लिहिलेलं नाही. पाऊस पडला नसेल म्हणून लिहिलं नसेल ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वही घेऊन काकांकडे गेलो. साडेआठ वाजून गेले होते, मोजमाप झालेलं होतं, ते बाल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर, चहा घेत बसले होते. भाचीने पान उघडून विचारलं, “काका, ही जागा रिकामी आहे ती पाऊस नव्हता म्हणून, की लिहायचं राहिलं?”

काकांनी चष्मा लावला. पहिल्या दोन जागा बघून म्हणाले, “इथे पाऊस नव्हता. कोरडं असलं की कधी कधी मी नुसतं सोडून देतो.” मग पान उलटून ऑगस्टच्या मधल्या सलग सहा रिकाम्या जागांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून काकी भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

“हे नाही,” ते म्हणाले. “हा आठवडा मी बांबोळीला होतो. हिचं ऑपरेशन होतं. पाऊस पडत होता, खूप पडत होता, वॉर्डाच्या खिडकीतून दिसत होता. मोजायला इथे कोणी नव्हतं.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या सहाही जागांत एकेक आडवी रेघ ओढली. भाचीने लॅपटॉप मांडीवर घेतला, त्या तारखांची शून्यं पुसली, तिथे ‘माहीत नाही’ असं घातलं, आणि तेवढ्या सहा ओळी शेलला पाठवल्या.